नऊ हजार फूट

उत्तरेकडच्या एका हवाई तळावर मी रडार कंट्रोलर होतो. हुद्दा स्क्वाड्रन लीडर. धावपट्टी हवाई दलाची, पण रोज काही प्रवासी विमानंही तिथे उतरत. वरच्या आणि खालच्या विमानात किमान एक हजार फुटांचं अंतर ठेवायचं, हे माझं काम. ते अंतर ठेवलं की दिवस संपला, एवढं सरळ.

माझा असिस्टंट होता कॉर्पोरल सलीम शेख. तो मिरजगावचा, मी पारनेरचा. मेसमध्ये भेटला की तो हिंदी सोडून आपल्या बोलीत यायचा. "सर, पाऊस झाला का पारनेरला?" असं विचारायचा आणि उत्तर त्याला आधीच ठाऊक असायचं. रडार रूममध्ये मात्र तो कामापुरतंच बोलायचा. प्रत्येक विमानासाठी कागदाची एक अरुंद पट्टी असते. कोणाला किती उंची दिली, ते तो त्या पट्टीवर लिहायचा. त्याचं अक्षर छापल्यासारखं होतं.

त्या दिवशी सकाळी आठला ड्यूटी सुरू झाली. ढग होते, पण वाहतूक कमी होती. १०.३८ वाजता मी एका प्रवासी विमानाला नऊ हजार फुटांपर्यंत खाली यायला सांगितलं. आत दीडशेवर माणसं होती. १०.४० ला आमचं एक मालवाहू विमान उडालं. त्याला आठ हजारांची मर्यादा दिली होती. वैमानिकाने ढगांमुळे आणखी वर जाऊ देण्याची विनंती केली. मी म्हणालो, "क्लाइम्ब नाइन थाउजंड." तेवढ्यात हॉटलाइन वाजली आणि मी शेजारच्या केंद्राशी बोलू लागलो.

सलीमने पट्टी लिहिली आणि लगेच दोन्ही पट्ट्या माझ्यासमोर धरल्या.

"सर, दोघं नऊवर आहेत."

मी ऐकलं. फोन कानाला तसाच ठेवून मी हात वर केला. थांब, असा.

"सर, समोरासमोर आहेत."

मी हात खाली घेतला नाही. त्यात दहा-बारा सेकंद गेले असतील. मग माझी नजर स्क्रीनवर गेली.

मोठ्या विमानांत एक यंत्र असतं, टीकॅस. ते आसपासच्या विमानांशी स्वतःच बोलतं आणि टक्कर होणार असं दिसलं की एकाला वर, दुसऱ्याला खाली जायला सांगतं. त्या आदेशाला आरए म्हणतात. आरए आला की वैमानिकाने फक्त यंत्राचं ऐकायचं आणि कंट्रोलरने गप्प बसायचं. हा नियम मी स्वतः नव्या मुलांना शिकवला होता.

मी गप्प बसलो नाही. घाबरलो होतो. मालवाहू विमान वर आहे असं मला वाटलं आणि मी प्रवासी विमानाला ओरडून सांगितलं, "डिसेंड एट थाउजंड, इमिजिएटली!"

कॅप्टन बाई होत्या. त्यांचा आवाज अजून कानात आहे.

"अनेबल. टीकॅस आरए."

म्हणजे, तुमचं ऐकता येणार नाही. यंत्राने त्यांना वर जायला सांगितलं होतं आणि मालवाहू विमानाला खाली. त्यांनी माझं ऐकलं असतं तर दोन्ही विमानं एकाच वेळी खाली आली असती. १०.४४ ला त्यांचा पुन्हा आवाज आला. "क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट." म्हणजे, धोका टळला. एक विमान दुसऱ्यावरून गेलं तेव्हा मध्ये तीनशे फूट होते.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. समोर तीन अधिकारी होते. टेप वाजवली गेली. रेडिओवर मी जे बोललो ते सगळं त्यात होतं. दिलेली चुकीची उंची मी कबूल केली. चुकीचा आदेशही कबूल केला. तिथपर्यंत मी प्रामाणिक होतो, कारण दुसरा मार्ग नव्हता.

मग अध्यक्षांनी विचारलं, "असिस्टंटने सावध केलं होतं?"

खोलीतलं बोलणं टेपवर नव्हतं. हात तर कुठल्याच टेपवर येत नाही. माझं विंग कमांडरचं प्रमोशन जवळ आलं होतं.

"मला काही ऐकू आलं नाही, सर."

सलीमने आत जाऊन खरं सांगितलं. माझ्या शब्दापुढे कॉर्पोरलचा शब्द. मला लेखी ताकीद मिळाली. त्याच्या नोंदीत कर्तव्यात ढिलाई असं लिहिलं गेलं आणि त्याला रडारवरून काढलं. बाहेर कॉरिडॉरमध्ये तो माझ्याजवळ आला.

"सर, तुमी ऐकलं हुतं. हात वर केला हुता तुमी."

"कॉर्पोरल, आपल्या कामाला जा."

त्याने सॅल्यूट केला आणि गेला. आमचं शेवटचं बोलणं ते.

त्याची बदली डोंगरातल्या एका हेलिपॅडवर झाली. दुसऱ्या हिवाळ्यात एका दुपारी, हेलिकॉप्टरमधून रेशन उतरवताना वरचा बर्फ सुटला. त्याने आधी पाहिलं आणि ओरडला. त्याची ओरड ऐकून तिघे जण बाजूला पळाले. तो स्वतः पोहोचू शकला नाही. मला ही बातमी तळावर आलेल्या सिग्नलने, म्हणजे लष्करी संदेशाने, कळली. तोवर मी विंग कमांडर झालो होतो. अंत्यविधीला मी गेलो नाही. रजा मिळाली असती. मी मागितली नाही.

निवृत्त होऊन नगरला राहायला आलो. मिरजगाव गाडीने फार लांब नाही, तरी जायला मला चार वर्षं लागली. सलीमच्या वडिलांचं, रशीदचाचांचं, हायवेला वेल्डिंगचं दुकान आहे. नांगराचा फाळ जोडत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी तोंडासमोरची वेल्डिंगची काच वर केली आणि ऐकून घेतलं.

"ठाव हाय मला," ते म्हणाले. "फोनवर सांगितलं हुतं त्यानं."

"चाचा, मी माफी..."

"माज्याकडं काय मागता, साहेब? मी काय लिवलं न्हवतं त्याच्या कागदावर. जिथं लिवलंय तिथं जाऊन सांगा." मग फाळ उलटा ठेवत ते म्हणाले, "त्याची पोरगी बारकी हाय अजून. बापानं कामात ढिलाई केली असं वाचंल ती उद्या."

त्यांनी काच खाली केली. ठिणग्या उडू लागल्या. चहा विचारला नाही, आणि ते योग्यच होतं.

त्याच आठवड्यात मी मुख्यालयाला सहीनिशी पत्र लिहिलं. प्रकरण बंद झालंय, असं उत्तर आलं. मी पुन्हा लिहिलं. मग माझा जबाब फाइलला जोडल्याचं दोन ओळींचं पत्र आलं. मूळ नोंद तशीच आहे. त्या पत्राची प्रत मी चाचांना पोस्टाने पाठवली. जाऊन देण्याचं धाडस झालं नाही. ती नोंद बदलावी, असा पुढचा अर्ज सध्या दिल्लीत आहे.

शाळांमधून मला झेंडावंदनाला बोलावतात, शौर्याचे प्रसंग सांगा म्हणतात. मी हाच प्रसंग सांगतो. त्यानंतर बोलावणी कमी झाली आहेत.

कॉर्पोरल सलीम रशीद शेख, मिरजगाव, तालुका कर्जत. त्या सकाळी त्याने दोनदा, स्पष्ट आवाजात आणि वेळेवर सावध केलं होतं. मी दोन्ही वेळा ऐकलं होतं.