तापी घरी निघाली

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेत शिकायला आलेला एक सुदानी विद्यार्थी मला रोज संध्याकाळी तापीच्या पुलावर दिसायचा. उंची अशी, की दिव्याच्या खांबालाही लाज वाटावी! किल्ला पाहून झाला होता, डुमसच्या समुद्रकिनाऱ्यावरची काळी वाळू बुटांत भरून आणली होती, तरी स्वारी कठड्यावर कोपरं टेकून पाण्याकडे बघत उभी.

कापडाच्या लूमवरची पाळी सुटल्यावर एकदा मी सायकल थांबवली. "क्या देखता है, भाई?"

"नदी घर जा रही है," तो म्हणाला.

मी खो खो हसलो. तापी माझ्या खानदेशातून येते आणि समुद्राला जाते, हे मला कोण शिकवणार, असं मी त्याला सुनावलं. मग खाली वाकून पाहिलं. भरती चढली होती. झेंडूची फुलं, नारळ, फेस घेऊन अख्खी तापी उलटी फिरली होती आणि माझ्या गावाकडे निघाली होती!

"यहाँ से मेरे घर कोई पानी नहीं जाता," तो हळूच म्हणाला. "तेरा जाता है. कुछ बोल दे."

वाटेत उकाईचं धरण आडवं आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. गावी असलेल्या आईला ऐकू जावं अशा बेताने ओरडलो, "माय वं, मी बरा शे!"

तो हसला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मेरा भी बोल दे."

त्याच्याकडे बोट दाखवत मी पुन्हा छाती भरून घेतली. "अन् हाऊ बी बरा शे!"