तोफताईचे आगाऊ हात

तिला सगळे तोफताई म्हणत आणि तिलाही ते आवडायचं. शाळा अर्ध्यात सुटलेली, पण "वेड्यांना आम्ही काम देत नाही" म्हणणाऱ्या मालकापुढे ती उभी राहिली की भल्याभल्यांची बोलती बंद. तिचा सख्खा भाऊ मनाच्या आजारात घरी बसून बसून विझला होता. डॉक्टरांनी औषधं दिली, पण "उद्या कामावर ये" असं त्याला एकानेही म्हटलं नाही. तेव्हापासून बाई दारोदार भांडून अशा माणसांना नोकरीला लावी आणि सुरुवातीला त्यांच्या शेजारी उभी राहून स्वतः तेच काम करी.

असंच तिने मास्तरला एका मोठ्या लाँड्रीत चिकटवलं. मास्तर म्हणजे एके काळचा शिंपी. कानात आवाज यायला लागले आणि दुकान बसलं. इथे काम एकच, धुतलेल्या चादरींच्या घड्या घालायच्या. "आठवडाभर बघतो, नाही जमलं तर घरी," मुकादमाने आधीच बजावलं होतं.

रात्रीच्या गोळीमुळे सकाळी मास्तरचे हात जड असत. ढीग साचू लागला की तोफताईचा जीव वरखाली होई. मुकादमाची पाठ वळली रे वळली की ती त्याच्या वाटच्या घड्या भराभर उरकून टाकी.

शनिवारी मुकादम खूश होऊन आला. "ताई, तुमचा माणूस सकाळी घोड्यासारखा पळतो हो! सोमवारपासून पहाटेच्या पाळीला घेतो."

तोफताईच्या तोंडचं पाणी पळालं. करायला गेली काय आणि झालं काय! पहाटे तर मास्तरला धड उभंही राहवत नसे. ती काहीतरी थाप मारणार, तोच मास्तर बोलला, "साहेब, सकाळच्या घड्या ताईंच्या. गोळीनं माझे हात उशिरा उठतात. दुपारचं काम तेवढं माझं."

"म्हणजे मला उल्लू बनवलंत?"

"मी बनवलं!" तोफताई उसळली. "त्याच्यावर कशाला—"

"ताई, गप बसा," मास्तर म्हणाला. "साहेब, आज दुपारी मला एकट्याला बघा."

तोफताईला आजवर कुणी गप बसवलं नव्हतं. मुकादमाने तिला दाराबाहेर काढलं. काचेला नाक लावून ती बघत राहिली. मास्तर मधूनच कानातल्या आवाजांवर खेकसत होता, पण हात थांबत नव्हते. कडेला कड, टोकाला टोक. शेवटी शिंप्याचेच हात ते!

पाळी संपल्यावर मुकादम बाहेर आला. "एकटाच बडबडतो फार."

"मग तुम्ही काय कमी बडबडता?"

मुकादमाला हसू आवरेना. "दुपारची पाळी पक्की त्याची. पण सोमवारपासून तुम्ही यायचं नाही."

"का म्हणून?"

मागून मास्तर आला. जरा चाचरला, मग म्हणाला, "ताई, राग मानू नका, पण तुमच्या घड्या वाकड्या असतात. दुपारी मलाच त्या उलगडून पुन्हा घालाव्या लागतात."

तोफ धडाडणार असं मुकादमाला वाटलं. पण ती छाती काढून चालू पडली आणि रस्त्यात भेटेल त्याला थांबवून सांगत सुटली, "अहो, मला कामावरून काढलं! माझ्याच माणसानं!"