चांगल्या पायाची उडी

“एसीएल पूर्ण तुटलंय,” एमआरआयचं चित्र माझ्याकडे वळवत डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, “दोन आठवड्यांनी लीग आहे. गुडघ्याला पट्टा बांधून खेळता येईल?” ते हसले नाहीत. शेजारी बसलेल्या आईने माझ्या हातावर चापट मारली.

एसीएल म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड गुडघ्याच्या आत धरून ठेवणारा छोटासा पट्टा. नुसतं सरळ चालायचं असेल तर त्याच्यावाचूनही पुष्कळांचं भागतं. धावताना अचानक वळायचं असेल तर मात्र नाही, आणि माझं पोट त्या वळण्यावरच होतं. २०१५ साली मी सव्वीस वर्षांची होते. सिंगापुरात बुकित बातोकला आमच्या ब्लॉकखालच्या कोर्टवर शिकलेल्या बास्केटबॉलच्या जोरावर मलेशियातल्या एका क्लबशी माझा करार झाला होता. सुट्टीला सिंगापूरला घरी आले आणि सरावात, कुणाचा धक्काही न लागता, उजवा गुडघा आत वळला.

क्लबच्या मॅनेजरने फोनवर सांगितलं, पुढच्या मोसमासाठी तुझी जागा ठेवतो, पण ऑपरेशननंतर आठव्या महिन्यात फिटनेसचं पत्र पाहिजे. डॉक्टर म्हणाले, “नऊ महिने तरी थांबावं. फिजिओच्या टेस्टमध्ये पास झालीस तर बघू.” मला त्यातलं ‘बघू’ तेवढं ऐकू आलं.

ऑपरेशन झालं. त्यात ग्राफ्ट बसवतात, म्हणजे मांडीच्या मागची एक कंडरा काढून तुटलेल्या पट्ट्याच्या जागी ओवतात. दुखणं सोसलं. बसून राहणं सोसवेना. हॉस्पिटलात पडद्यावर आपला नंबर येईपर्यंत मी कुबड्यांवर येरझाऱ्या घालायची. एकदा समोरची चिनी आजी वैतागून म्हणाली, “गर्ल, सिट डाउन लाह! यू मेक मी गिडी.” माझ्याकडे बघून तिला गरगरत होतं. मी बसले आणि दोन मिनिटांनी पुन्हा उठले.

घरी वेगळीच तऱ्हा. बाबा जुरोंग आयलंडला रिफायनरीत इंजिनिअर. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून घरात आले की बूट काढायच्या आधी विचारायचे, “आज किती अंश?” गुडघा किती वाकतो याचा आलेख त्यांनी फ्रिजवर लावला होता. रेघ वर गेली नाही की त्यांचा चेहरा पडायचा आणि मला चिडचिड व्हायची. “बाबा, हा गुडघा आहे, तुमचा बॉयलर नाही,” मी एकदा ओरडले. मराठी मंडळातल्या काकू फळं घेऊन आल्या आणि जाताना “आता तरी एमबीए कर गं” असं सांगून गेल्या. त्यांच्यामागे दार जरा जोरातच लागलं माझ्याकडून.

माझी फिजिओ होती मिस लिम. पन्नाशीची, बुटकी, मोजकं बोलणारी. आठव्या महिन्यात तिने हॉप टेस्ट लावली. हॉप टेस्ट म्हणजे एका पायावर लांब उडी मारायची आणि त्याच पायावर स्थिर उतरायचं. दोन्ही पायांच्या उड्या मोजतात. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के भरली पाहिजे.

इथे मी जे केलं ते खेळाडूशिवाय कुणाला सुचणार नाही. उजवा पाय एकशे तीस सेंटीमीटरच्या पुढे जाईना, हे मला घरी मोजून ठाऊक होतं. मग डावाच कमी उडवायचा! आठवडाभर मी घरात हीच तालीम केली, चांगल्या पायाने वाईट उडी मारायची. टेस्टला उजवा एकशे तीस, डावा बरोब्बर एकशे चाळीस. पास.

मिस लिमने आकडे लिहिले आणि पेन खाली ठेवलं. “युअर लेफ्ट लेग ऑल्सो इंज्युअर्ड, आह?”

मी वाकून बुटाची नाडी बांधू लागले.

ती पुढे म्हणाली, “जीव तोडून उडी मारणारा माणूस उतरताना डगमगतो. तू बसमधून उतरल्यासारखी उतरलीस. कागदावर तू पास आहेस. ही तुझी पूर्ण उडी होती असं सांग, मी सही करते.”

‘हो’ एवढंच म्हणायचं होतं. मनातल्या मनात मी बॅगसुद्धा भरली होती. पण तिच्याकडे बघताना एकदम लाज वाटली, आणि लाजेच्या मागे भीतीही होती. दुसऱ्यांदा तुटलं तर काय, हा प्रश्न मी आठ महिने कुणालाच विचारला नव्हता.

“पुन्हा मारते,” मी म्हणाले.

डाव्या पायावर उभी राहिले आणि हात मागे नेऊन सगळा जोर लावला. उतरताना इतकी डगमगले की भिंतीला हात टेकावा लागला. मिस लिमने टेप धरली. एकशे अडुसष्ट.

म्हणजे उजवा पाय सत्याहत्तर टक्के. सपशेल नापास. हॉस्पिटलच्या बाहेर येऊन मी स्वतःच मॅनेजरला फोन केला. त्याने कळवल्याबद्दल आभार मानले आणि दोन दिवसांत माझी जागा दुसरीला दिली. मी खूप रडले.

तेराव्या महिन्यात पत्र मिळालं, दुसरा क्लब मिळाला, तीन मोसम खेळले. आता गुडघा दुखावलेल्या खेळाडू मुली मला फोन करतात. त्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, लवकरात लवकर कधी? मी त्यांना डॉक्टरांचं ऐका असं सांगते, आणि त्या ऐकत नाहीत हेही मला कळतं. मिस लिमने माझा गुडघा वाचवला, तिचे उपकार आहेतच. पण त्या दिवसाचं एक मी त्यांना हमखास सांगते. भिंतीला टेकून उभी होते, करार हातचा गेल्याचं कळत होतं, आणि टेपवरचा आकडा बघून मला हसू फुटलं. इतकी लांब उडी मी आयुष्यात कधी मारली नव्हती.