घरं दोन, पासवर्ड एक

हॅकर आमच्या घरात शिरला तेव्हा मी झोपाळ्यावर बसून पन्हं पीत होतो, आणि हे मी कुठल्याही ठाण्यात येऊन सांगायला तयार होतो.

लाखनीत हायवेला लागून आमची दोन घरं आहेत. खरं तर एकच. मधात भिंत टाकून दोन केली. इकडे मी आणि बायको, तिकडे माझे मोठे भाऊ, वहिनी आणि त्यांची मुलगी मोनी. भिंतीत एक खिडकी ठेवली आहे. तिच्यातून दिवसभर भाजीच्या वाट्या, विरजण आणि गल्लीतल्या बातम्या ये-जा करतात. (हे नेटवर्क कुठल्याही हॅकरला भेदता येणार नाही. दोन जावांच्या मधात त्याला बोलायला जागाच मिळायची नाही!)

इंटरनेट आलं तेव्हा दोन घरांत वायफायचे दोन डबे लागले. बसवणारा म्हणाला, "नाव वेगळं ठेवा, पासवर्ड बी वेगळे ठेवा."

भाऊ भडकले. "कायले? चुली वेगळ्या झाल्या तं मनं बी वेगळी झाली का बे?"

झालं! दोन्ही डब्यांचं नाव एक, आमचं आडनाव. पासवर्डही एक, आमच्या बाबांचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. एकीचं असं उदाहरण सबंध भंडारा जिल्ह्यात नसेल, असं मी माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असे. (पासवर्डसकट.)

मग मी स्मार्ट वस्तू आणल्या. फोनवरून लागणारे दिवे आणि अंगणात बोलणारे कॅमेरे, एक जोडी मला, एक भाऊंना. दोन्ही घरांचं सगळं मीच माझ्या फोनमध्ये जोडलं, कारण भाऊंच्या मते फोन हा उचलायचा आणि त्यात ओरडायचं, बाकी त्याच्याकडे पाहायचं नसतं. फोनमध्ये 'हॉल' दोनदा दिसायचं आणि 'अंगण' दोनदा, पण माझ्यासारख्या तज्ज्ञाला त्याचं काय!

माझा दिवा मात्र जरा आळशी निघाला. रोज संध्याकाळी मी झोपाळ्यावरून बटण दाबायचो, तो ढिम्म. पुन्हा दाबायचो, पुन्हा ढिम्म. शेवटी बायको उठून भिंतीवरचं बटण दाबायची आणि म्हणायची, "हा बघा, माझा स्मार्ट." कॅमेरा मात्र गुणी होता. एका सकाळी मी फोनमध्ये पाहतो तर अंगणात वाळत घातलेल्या सरगुंड्यांवर, म्हणजे काडीवर वळलेल्या गव्हाच्या शेवयांवर, एक भलं दांडगं माकड उकिडवं बसलेलं! (चष्मा मी लावत नाही. चष्मा म्हणजे आपल्याच डोळ्यांवर अविश्वास.) फोन तोंडाशी धरून मी असा गरजलो की हायवेवरच्या ट्रकनं ब्रेक मारला असावा. "हट रे माकडा! नीघ! फुकटखाऊ!" माकड टुणकन उडून पळालं.

त्याच दुपारी भाऊ आले. चेहरा पांढरा.

"आमच्या घरात हॅकर घुसला बे!"

"काय म्हणता, भाऊ!"

"रोज संध्याकाळी हरिपाठाच्या मधातच लाईट बंद-चालू, बंद-चालू होऊन राह्यला. अन् आज तं कॅमेरा बोलला. मले माकड म्हणलं! माझ्याच अंगणात! मी फक्त सरगुंडे वाळले का, ते पाहून राह्यलो होतो."

"तोंडात टाकून!" खिडकीतून वहिनींचा आवाज आला.

"आवाज कसा होता?" मी तपास सुरू केला.

"चिरका. घसा बसलेल्या कोंबड्यावानी. खानदानी माणसाचा नव्हता."

"असेच असतात हे," मी म्हणालो. "भुरटे कुठले!"

मग भाऊंनी आवाज खाली आणला. "मले माकड म्हणलं, जाऊ दे. पण उद्या मोनीचा ऑनलाईन इंटरव्ह्यू हाये. या नोकरीपायी पोरगी सारा उन्हाळा घराबाहेर पडली नाही. मधातच त्यानं काही केलं तं?"

माझा हात आपोआप मिशीवर गेला. (मिशी नाही, पण हात गेला.) "भाऊ, मी आहो ना! उद्या त्याले असा कुलूपबंद करतो का त्याले त्याची आजी आठवली पाह्यजे!"

दुसऱ्या दिवशी दोन्ही घरांत संचारबंदी. मिक्सर बंद, कुकर बंद, भाऊंचं खोकणं बंद. मोनी इस्त्रीचा कुर्ता घालून लॅपटॉपसमोर बसली. इकडे मी आमच्या सामायिक भिंतीला खेटून टांगलेल्या झोपाळ्यावर मोर्चा सांभाळला. एका हातात पन्हं, दुसऱ्यात फोन. वायफायच्या सेटिंगमध्ये शिरलो (तिथलं कुलूप कंपनीनं दिलं तेच होतं, कोणी बदललंच नव्हतं!) आणि पासवर्ड असा ठोकला की दुश्मनानं जन्मभर डोकं आपटावं. धानाच्या तीन जाती, सासऱ्यांच्या गावाचं नाव उलटं, आणि जिथे बोट पडेल तिथली चिन्हं. 'बदल जतन झाला' असं आलं. मी पन्ह्याचा विजयी घोट घेतला.

पलीकडून मोनीची किंकाळी आली. "बाबा! नेट गेलं! सर प्रश्न विचारून राह्यले होते ना!"

"आला! हॅकर आला!" भाऊ ओरडले.

मी असा उडालो की झोपाळा परत येऊन माझ्याच पाठीत बसला. खिडकीत तोंड घालून ओरडलो, "भिऊ नको मोने! मी आत्ताच पासवर्ड बदलला! आता त्याचा बाप बी घुसू शकत नाही!"

मोनीनं माझ्याकडे पाहिलं. मग लॅपटॉप उचलून ती खिडकीपाशी आली. खिडकीत वांग्याच्या भाजीची वाटी होती, ती सरकवून तिथे लॅपटॉप टेकवला.

"काकाजी, इथं नेट येऊन राह्यलं. जुन्याच पासवर्डनं."

"कोणाचं?"

"तुमचं. तुमच्या घरचं जसंच्या तसं उघडं हाये. मंग तुमी बदलला कोणाचा?"

तेवढ्यात पडद्यावर साहेब परत आले. मोनी शांतपणे म्हणाली, "सॉरी सर. घरी सायबर हल्ला झाला होता. हल्लेखोर सापडला. ओळखीचा हाये." साहेब खळखळून हसले. पुढचा सगळा इंटरव्ह्यू तिनं खिडकीत उभ्यानं दिला, आणि भाऊ खोकला गिळत वाटी धरून मागे उभे राहिले.

संपल्यावर तिनं माझा फोन मागितला. झोपाळ्यावर बसलं की माझा फोन भिंतीपलीकडचा डबा धरतो, हे तिला मिनिटभरात कळलं. मग तिनं मी रोज दाबतो तो 'हॉल' दाबला. भाऊंचा दिवा लागला. विझला. लागला. वहिनींनी सवयीनं हात जोडले. मग ती म्हणाली, "आता 'अंगण' दाबून बोला, काकाजी. काल बोलले तसंच."

मी हळूच म्हणालो, "हट..."

भाऊंच्या अंगणातून घसा बसलेला कोंबडा आरवला.

भाऊंनी हातातली वाटी खाली ठेवली.

"मंजे..." भाऊ सावकाश म्हणाले, "माकड मी?"

"अन् कोंबडा हे," माझी बायको म्हणाली. "खानदान एकच."

माझा तो अभेद्य पासवर्ड पुढे मलाही आठवला नाही. शेवटी भाऊंच्या डब्याच्या मागच्या भोकात वहिनींच्या केसांतला आकडा घालून तो पुन्हा कोरा करावा लागला. नोकरी मोनीला मिळाली. हल्ल्यात डोकं थंड ठेवणारी मुलगी हवीच होती म्हणे. (म्हणजे नोकरी कुणामुळे मिळाली? पण श्रेय घेण्याचा माझा स्वभाव नाही.) पुण्याला जाण्याआधी तिनं दोन्ही डब्यांची नावं वेगळी केली, पासवर्ड वेगळे आणि लांबलचक केले, दिवे आणि कॅमेरे माझ्या फोनमधून काढले. या वेळी भाऊ भडकले नाहीत.

नवे पासवर्ड तिनं भाऊंना, वहिनींना आणि माझ्या बायकोला पाठ करायला लावले आणि बजावलं की दोन माणसांना हे मुळीच सांगायचे नाहीत. एक रोज फुकटचं नेट मागणारा दूधवाला, दुसरा मी.

दूधवाल्याला वहिनींनी गेल्या आठवड्यात सांगून टाकला. माणूस भरवशाचा आहे म्हणे.