घड्याळजींचा अंगठा

आमच्या ओळीतल्या दुकानदारांत वेळेचा पक्का माणूस एकच, घड्याळजी. माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या दुकानाला लागून आहे. मधली भिंत इतकी पातळ, की ते शिंकले तर मी इकडे कागद सावरतो. बायको गेल्यापासून घरात ते आणि मुलगी, दोघंच. "घड्याळाला काय झालंय ते मला शिकवू नका, ठेवा आणि जा," असं गिऱ्हाइकाला तोंडावर सुनवायचे. माणूस तिरसट, पण बोटांत जादू.

मुलगी चारशे मीटर पळायची. रोज सकाळी ती मैदानावर, आणि हे शेवटच्या रेघेशी आपलं जुनं चावीचं स्टॉपवॉच घेऊन उभे. तीन वर्षांचे आकडे वहीत लिहिलेले.

तिला ज्या मोठ्या विद्यापीठात जायचं होतं, तिथे तिच्याएवढे गुण मिळवणाऱ्यांचे अर्ज ढिगाने येतात. पण तिथल्या धावण्याच्या कोचला दरवर्षी मोजकी नावं सुचवता येतात, आणि त्याने सुचवलेलं नाव सहसा मागे पडत नाही. त्याची अट होती सत्तावन्न सेकंदांच्या आत. वहीत छप्पन्न होते. त्या पानांच्या झेरॉक्स मीच काढल्या आणि ओळीतल्या झाडून सगळ्यांना दाखवल्या.

कोच स्वतः बघायला आला, सोबत किरणांवर चालणारं, रेघ ओलांडताच आपोआप वेळ टिपणारं यंत्र घेऊन. पोरगी जीव तोडून पळाली. यंत्रावर आकडा आला अठ्ठावन्नच्या जरा पुढचा.

"चांगली पळते, पण माझ्याकडे जागा दोनच आहेत," एवढं बोलून तो सामान आवरायला लागला.

घरी परतताना मी सोबत होतो. "बाबा, मीच माती केली. ऐन वेळी पाय गळाले," म्हणून ती रडत होती. घड्याळजी हातातलं स्टॉपवॉच उलटसुलट करून बघत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दुकानाला आतून कडी. संध्याकाळी दार वाजवून आत गेलो, तर ते स्टॉपवॉच आणखी तीन घड्याळांशेजारी टिकटिकत होतं.

"दिवसभर तपासलं. तसूभर चूक नाही हो यात."

"मग?"

त्यांनी उजवा अंगठा पुढे केला. "शेवटच्या दहा पावलांत तिचा चेहरा कसा पिळवटून निघायचा. मला बघवायचं नाही. सुटली एकदाची, असं वाटायचं आणि हा बटण दाबून मोकळा. माझं मलाच कळलं नाही."

माझं डोकंच फिरलं. "अहो, मग सांगा तिला! ती तिकडे स्वतःच्या पायांना शिव्या घालत बसलीय."

"सांगतो. पण हे नाही. बापाला आपलं पळणं बघवत नव्हतं हे कळलं, तर पुन्हा मैदानावर पाऊल ठेवायची नाही ती."

ती दुकानात आल्यावर पातळ भिंतीतून मला सगळं ऐकू आलं. स्टॉपवॉचची स्प्रिंग गेली होती, ते मागे पडत होतं, तुझ्या पायांचा काही दोष नाही, असं ते सांगत होते. ती म्हणाली, "बाबा, गावाची घड्याळं दुरुस्त करता, आणि माझंच तेवढं तपासलं नाहीत?"

पुढे ती लांबच्या एका साध्या कॉलेजात गेली. घड्याळजींचंच घड्याळ मागे पडत होतं, ही बातमी ओळभर झाली, लोक हसले, काही गिऱ्हाइकंही तुटली. खरं काय ते एकट्या मला ठाऊक, आणि बोलायची सोय नाही. घड्याळजी अजून रोज सकाळी मैदानावर जातात, रिकाम्या हाताने त्या रेघेशी उभे राहतात आणि परत येतात. दिवसभर भिंतीपलीकडून नुसती टिकटिक. पूर्वीसारखं गिऱ्हाइकावर खेकसणंसुद्धा नाही. मला फार वाईट वाटतं.

रविवारी त्यांना तिचा फोन येतो, मिनिटभराचा. परवा घड्याळजी सांगत होते, गेल्या रविवारी ती म्हणाली, तिथल्या शर्यतीत दुसरी आले.

"वा! किती सेकंदांत?" मी विचारलं.

"ते ती सांगत नाही," घड्याळजी म्हणाले. "आणि मी कोणत्या तोंडाने विचारू?"