आत्यांचा उंबरा

लग्न ठरल्यावर पहिल्यांदा रोह्याला बायकोच्या आत्यांकडे गेलो आणि पेढ्यांच्या पुड्यासकट दारातच आडवा झालो. घर नवंकोरं, पण उंबरा गुडघ्याएवढा. आत्या आतून आल्या, वाकल्या, आधी उंबऱ्यावरून हात फिरवला. "उंबरा शाबूत हाय," म्हणाल्या. "तुम्ही?"

कुठल्या गवंड्यानं हे करून ठेवलं, असं मी गुडघा चोळत विचारलं. तो उंबरा त्यांनीच सांगून घालून घेतला होता. आत्या भुयारी मेट्रोच्या कामावर इंजिनीअर होत्या. स्टेशनात पाणी शिरू न देणं हे त्यांचं खातं. सासरी माझी किंमत तिथंच ठरली.

आत्या मूळच्या पेणच्या. घरचा गणपतींचा कारखाना. त्यांच्या लहानपणी एका पावसाळ्यात कारखान्यात पाणी शिरलं आणि रंगायला ठेवलेल्या शाडूच्या मूर्तींचा चिखल झाला. वडिलांनी मग दाराला हा असा उंबरा घातला. मूर्ती न्यायला आलेली गिऱ्हाइकं कुरकुरली, की ते म्हणत, "देव वलांडतो, तुम्हाला काय जड?"

तेच वाक्य आत्यांनी पुढं मेट्रोतल्या आपल्या साहेबांना ऐकवलं. एका स्टेशनाच्या तोंडाशी त्यांनी नकाशात आधी पायऱ्या वर चढवल्या होत्या, शेजारून चाकाच्या खुर्चीसाठी उतार, आणि मग खाली जाणारा जिना. समोरच्या दुकानसंकुलाला मात्र रस्त्याच्या पातळीवर सपाट दार हवं होतं. खाली जायला आधी वर कशाला चढायचं, असं साहेब हसत म्हणाले. आत्या हसल्या नाहीत. वडिलांचं ते वाक्य ऐकवून वर म्हणाल्या,

"पाणी काय तिकीट काढून येत नाय, साहेब. सपाट दाराच्या नकाशावर माझी सही नाय."

बदली होईल, असं साहेबांनी सुचवलं.

"करा. मी हलेन. पायऱ्या नाय हलणार."

बदली झाली, थेट गोदामावर. तरी दर सोमवारच्या बैठकीला आत्या न बोलावता हजर. खुर्ची मिळायची नाही, तर दाराशी उभ्या राहायच्या आणि प्रत्येक नकाशाला एकच विचारायच्या: पाणी कुठून येईल? हळूहळू दुसरं कुणीही सही करायला कचरू लागलं. शेवटी साहेबच कंटाळले. बढती हुकली ती हुकलीच. पण पायऱ्या ओतल्या त्या दिवशी आत्यांनी गोदामात पेढे वाटले.

स्टेशन सुरू व्हायच्या आधीच त्या गेल्या.

गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघं तिथं पोचलो, तेव्हा रस्त्यावर पोटऱ्यांपर्यंत पाणी होतं. वरची पायरी उघडी होती आणि तिच्यापलीकडे खाली उतरणारा जिना कोरडा ठणठणीत. ते बघत बघत चढताना मी ठेचकाळलो आणि पुन्हा आडवा.

बायकोनं हात दिला नाही. ती वाकली, ओल्या पायरीवरून हात फिरवत राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, "शाबूत हाय. तुम्ही?"