कुलूपवाल्या काकांचा नेम

रोज सकाळी दुकान उघडण्याआधी कुलूपवाले काका हात धुवायचे. साधेसुधे नव्हे. कोपरापर्यंत साबण, मग जुन्या ब्रशनं नखांतला लोखंडाचा कीस काढायचा, मग परत साबण. शेवटी दोन्ही हात खिडकीच्या उजेडात उलटेसुलटे करून बघायचे आणि मन भरलं तरच बायबलला हात लावायचे. चाव्या कानशीनं घासून बोटांत मुरलेला काळा रंग एकदा पानावर उमटला होता. अंगठ्याच्या त्या ठशाचं त्यांना अजून वाईट वाटायचं.

"नवऱ्या मुलीलासुद्धा एवढं घासत नाहीत," काकू आतून म्हणायच्या.

"पुस्तक कुणाचं आहे, ते बघ!"

"आणि साबण कुणाचा आहे?"

काकांचे वडीलही कुलूपवालेच. त्यांनी मुलाच्या हाती कानशींची पेटी दिली, हे बायबल दिलं आणि एक नेम दिला. रोज सकाळी तीन-चार अध्याय मोठ्यानं वाचायचे, म्हणजे वर्षात सगळं शास्त्र वाचून होतं. मात्र घरात एक दिवसही खंड पडता कामा नये. पडलाच, तर पुन्हा पहिल्या पानापासून.

काकांनी तो नेम तळहाताच्या फोडासारखा जपला, आणि त्यापायी एकतीस वर्षांत त्यांचं बायबल एकदाही वाचून संपलं नाही. एकदा लेकीच्या जन्माची धावपळ, एकदा ताप, एकदा कुणाची तरी तिजोरी दिवसभर दाद देईना. दर वेळी काका निमूट पहिल्या पुस्तकाकडे, उत्पत्तीकडे परत. भाजी चिरता चिरता ऐकणाऱ्या काकूंना नोहाच्या तारवाची लांबीरुंदी स्वतःच्या ओट्यापेक्षा पक्की पाठ झाली होती.

"अहो, त्या नोहाला आता पुढे जाऊ द्या. किती वेळा नाव बांधायची त्यानं? लाकडं संपली असतील बिचाऱ्याची."

शेवटाकडचे उतारे त्यांनी चर्चमध्ये पुष्कळदा ऐकले होते. पण ते शेजारी जेवून आल्यासारखं. आपल्या घरात, त्याच घोगऱ्या आवाजात शेवटचं पान ऐकायची काकूंची फार इच्छा होती. हे त्या कुणाजवळ बोलल्या नव्हत्या.

त्या वर्षी गाडी प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकापर्यंत येऊन ठेपली. सहा दिवसांचं वाचन उरलं. काका सदुसष्ट वर्षांचे, आणि डोळ्यांचा पडदा झिजत चाललेला. बारीक अक्षर फार तर आणखी वर्षभर दिसेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"या खेपेला राहिलं तर राहिलंच म्हणायचं," काका म्हणाले.

दुसऱ्याच सकाळी, हाताला फेस असतानाच, दारात शेजारचा माणूस धापा टाकत उभा राहिला. पलीकडच्या गल्लीतल्या निवृत्त शाळामास्तरीण बाई घरात पडल्या होत्या आणि दार आतून बंद होतं. काका फेसासकट धावले. कुलूप उघडायला दहा मिनिटं लागली. पण बाईंचं कंबरेचं हाड मोडलेलं, जवळचं कुणी नाही, आणि त्यांनी काकांचा हात धरला तो सोडेचनात. काका त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. बाईंची भाची परगावाहून पोचली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. तेव्हा कुठे काका घरी आले.

पाणी प्यायले, बाईंची हकीकत सांगितली, हात धुतले. खिडकीपाशी बसून त्यांनी पुस्तकातली खूण न बघताच काढली आणि पहिलं पान उघडलं.

"हे काय?" काकूंनी विचारलं.

"काल खंड पडला."

काकू उठल्या. त्या नळापाशी गेल्या. कोपरापर्यंत साबण लावला, ब्रशनं नखं घासली, परत साबण लावला. मग येऊन त्यांनी काकांच्या हातातलं पुस्तक घेतलं. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"काल वेळेवर वाचन झालंय. चार अध्याय. मी वाचले. खूणसुद्धा पुढे सरकवली होती, ती तुम्ही आत्ता उपटलीत."

"तू वाचलंस? मोठ्यानं?"

"मनात वाचून तुमच्या खुर्चीला ऐकू गेलं असतं का?"

"पण नेम तर माझा..."

"मामंजी म्हणाले होते, घरात खंड पडू नये. मी काय घराबाहेर राहते?"

काकांनी उपटलेली खूण उचलून पाहिली. मग अडलेल्या कुलपाचा शेवटचा खटका सुटताना व्हायचा, तसा त्यांचा चेहरा झाला.

"म्हणजे तापात, लेकीच्या वेळी... तू वाचलं असतंस?"

"लेकीच्या वेळी मी जरा कामात होते. बाकी वेळी, हो."

"मग बोलली का नाहीस, अगं?"

"तुम्ही कधी विचारलंत? तुमच्या नखांची रोज परीक्षा. मला कुणी परीक्षेलाच बसवलं नाही. काल तुम्ही नव्हतात, म्हणून माझी मीच बसले."

काका हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग त्या दिवशीचे अध्याय दोघांनी वाटून घेतले.

पाचव्या दिवशी शेवटचं वाचन त्यांनी दवाखान्यात, बाईंच्या खाटेपाशी केलं. काका भरधाव निघाले होते.

"सावकाश," बाई उशीवरून म्हणाल्या. "पूर्णविराम आला की थांबायचं असतं. कुलूप तोडताय का?"

काका थांबले. शेवटच्या पानावर त्यांचा आवाजच फुटेना, तेव्हा उरलेल्या ओळी काकूंनी वाचल्या, प्रत्येक पूर्णविरामाला थांबून. 'आमेन' तिघांनी मिळून म्हटलं, इतक्या जोरात की नर्स बघायला आली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा उत्पत्ती. एक दिवस काकांचा, एक काकूंचा. वर्षभरानं काकांना अक्षर दिसेनासं झालं तेव्हा सगळे दिवस काकूंचे झाले. पान उलटायचं काम मात्र काकांनी सोडलं नाही. काकू कोपरानं खूण करायच्या आणि काका बोटानं अलगद पान उलटायचे. त्यासाठी हात तसेच धुवायचे, कोपरापर्यंत. नखं आता काकू बघायच्या.

असं चार वेळा शेवटचं पान आलं. पाचव्या खेपेला नोहाचं तारू पाण्यावर तरंगत होतं त्या सकाळी, वाचन आटोपल्यावर, काका हात पुसत म्हणाले, "साबण संपत आलाय गं. आठवण कर, उद्या आणू."